धक्क्यावर माणसं असतानाच परत या

पत्राचा सारांश : पत्रलेखक ५८ वर्षांचे आहेत. पुण्यातल्या एका कारखान्यात तीस वर्षं यंत्रांची देखभाल करून ते निवृत्त झाले आणि रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात घर बांधून राहिले. गणपतीनंतर त्यांनी एक जुनी फायबरची बोट घेतली. १९ फूट लांब, मागे ६० हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन. मोकळ्या पाण्यात ती त्यांना नीट चालवता येते, अडतं ते धक्क्याला लावताना. त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास पत्नी, सून आणि नातवाला खाडीत वरपर्यंत तिवरं दाखवून परतताना बोट आवरली नाही आणि धक्क्याला बांधलेल्या एका होडीवर आदळली. थोपवायला पत्नीने हात पुढे केला आणि करंगळीचं हाड मोडलं. एक म्हातारा तांडेल (मच्छीमार होडीचा प्रमुख) सगळ्यांदेखत ओरडला, पोरांनी मोबाइलवर चित्रण केलं. तेव्हापासून हे गृहस्थ पहाटे अंधारात निघतात आणि दिवेलागणीनंतर, धक्का रिकामा झाल्यावर परततात. पत्नी म्हणते, बोट विका, नाहीतर कायमचा खलाशी ठेवा. होळीच्या आधी एका मित्रासोबत मरीना-मरीना (हौशी बोटी लावायची सोयीची बंदरं) करत गोव्याला जायचा त्यांचा बेत आहे, परदेशी व्हिडिओ पाहून तयारीही चालू आहे. ते विचारतात : या वयात हे जमेल का? खलाशी ठेवला तर बोट घेण्याला अर्थ काय उरला? आणि आमच्यासारखे हौशी लोक ज्यांना नजरेसमोर नको असतात, त्या कोळ्यांमध्ये वावरायचं कसं?

नमस्कार.

तुमच्या प्रश्नांकडे वळण्याआधी एक विनंती करते, आणि ती आजपासूनची आहे. दिवेलागणीनंतर धक्क्याला येणं बंद करा. अंधारात निघणंही बंद करा. नजरा चुकवायला तुम्ही जी वेळ निवडली आहे, त्या वेळी खाडीच्या मुखाशी डोलीचे, म्हणजे पाण्याच्या ओढीत लावलेल्या मोठ्या पिशवीजाळ्यांचे, खांब दिसत नाहीत, जाळ्यांचे तरंगते बोये दिसत नाहीत आणि बिनदिव्याची छोटी होडी तर अंगावर आल्याशिवाय दिसत नाही. पंख्यात जाळं अडकलं, इंजिन थांबलं, ते सोडवायला तुम्ही मागे वाकलात आणि तोल गेला, तर दोर फेकायला धक्क्यावर कुणी नसेल. एकटे असाल तर तुम्ही पाण्यात पडलात हे कळायलाही रात्र उलटेल. चार माणसं आपल्याकडे बघताहेत याचा तुम्हाला जाच होतोय, मला कळतं. पण पाण्यावर नवशिक्याला त्याहून मोठा आधार मी तरी पाहिलेला नाही.

आता त्या दिवसाकडे पुन्हा बघू. ‘वय झालं, हात आणि डोळ्यांचा मेळ राहिला नाही,’ असं तुम्ही लिहिलं आहे. मला तसं वाटत नाही, कारण तुम्हीच दिलेल्या तपशिलात दुसरं कारण स्पष्ट दिसतं. त्रिपुरी पौर्णिमेचा दुसरा दिवस म्हणजे वद्य प्रतिपदा. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा भरतीचा हिशेब गावात तुमच्या कानावर आला असेल : तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. प्रतिपदेला पाऊण वाजता. मुंबई-रायगडकडे हा हिशेब साधारण जुळतो. खाडीत जितकं आत जाल तितकी वेळ पुढे सरकते. नेमकी वेळ हवी असेल तर सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं काढतं.

पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत सहा तासांच्या थोडा वर वेळ जातो, पण पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. एकूण उताराचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यातही तीन, पाचव्यात दोन आणि शेवटच्या तासात एक. म्हणजे अर्धं पाणी मधल्या दोन तासांतच जातं. तुम्ही चारच्या सुमारास आलात, म्हणजे नेमके चौथ्या तासात. तेही उधाणात, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरती-ओहोटीत. तुमच्याकडे मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. खाडीतलं सगळं पाणी समुद्राकडे धावत होतं आणि तुम्ही तिवरं बघून वरून, त्याच पाण्याबरोबर, धक्क्यावर उतरलात.

न्यूट्रल केल्यावरही बोट थांबेना, ‘गियरमध्ये बिघाड असावा’ असं तुम्हाला वाटलं. गियर ठीक असेल. पाण्याच्या हिशेबाने तुमची बोट थांबलेलीच होती, पाणीच तिला धक्क्याकडे नेत होतं. तीस वर्षं तुम्ही जी यंत्रं सांभाळलीत ती जमिनीला बोल्टने आवळलेली होती. बंद केली की बंद. बोटीच्या बाबतीत ज्यावर ती उभी आहे तेच चालत असतं, आणि हे अंगवळणी पडायला कुणालाही वेळ लागतो. पंचविशीतल्या मुलालाही तितकाच लागतो. मी तर म्हणेन, तरुण मुलं वेगाने येतात आणि जास्त जोरात आदळतात.

तांडेल काय ओरडला ते तुम्ही जसंच्या तसं लिहिलं आहे : ‘गियर काढ! आधी गियर काढ!’ हे पुन्हा वाचा. यात शिवी नाही, हेटाळणी नाही. घाबरलेल्या माणसाचा हात गियरवर तसाच राहतो आणि बोट पुढे रेटत राहते, हे त्याने धक्क्यावरून पाहिलं आणि त्या क्षणी देता येईल तेवढी एकच योग्य सूचना दिली. ओरडून दिली, कारण इंजिनाच्या आवाजात हळू बोललेलं ऐकू आलं नसतं. तुम्हाला तो अपमान वाटला. मला तो धक्क्यावरून मिळालेला पहिला धडा वाटतो.

आणखी एक गोष्ट सांगते, रागावू नका. तुमचं पत्र चार पानांचं आहे. वहिनींची करंगळी, पोरांचे मोबाइल, तांडेलाचा आवाज, रात्री न लागणारी झोप, सगळं त्यात आहे. ज्या होडीवर तुम्ही आदळलात तिचं काय झालं, यावर एक ओळ नाही. ती कुणाची होती? फळी फुटली का? दुसऱ्या दिवशी ती समुद्रावर गेली का? कदाचित तुम्ही विचारपूस केली असेल आणि लिहायचं राहिलं असेल. केली नसेल तर ‘कोळ्यांमध्ये वावरायचं कसं’ या प्रश्नाची सुरुवात तिथून आहे. त्या घरी जा. उशीर झाला हे आधी कबूल करा. दुरुस्तीचा खर्च झाला असेल तो द्या, बुडालेल्या दिवसांचाही विचारा.

हौशी लोक त्यांना नकोत, हे मला पूर्ण पटत नाही. आम्ही वीसेक वर्षं रत्नागिरीच्या आसपास लहान बोट बाळगली, आणि राग कशाचा असतो ते जवळून पाहिलं. बांधलेल्या होड्यांच्या शेजारून कुणी वेगाने गेलं की लाटेने त्या एकमेकींवर आपटतात, दोर काचतात, धक्क्यावर उतरणारं माणूस पडतं. बोये न ओळखता कुणी जाळ्यावरून बोट घातली की महिन्याची कमाई पंख्यात गुंडाळली जाते. त्यांचा मोसम आधीच आखूड. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या शाकारलेल्या, नारळी पौर्णिमेला नारळ देऊन मग पुन्हा सुरुवात. त्यात वाऱ्याचे, वादळाचे, बंदरावर लागणाऱ्या तीन नंबरच्या बावट्याचे (धोक्याच्या इशाऱ्याचे) दिवस वजा करा. तुम्ही धक्क्याच्या अलीकडे दोनशे मीटरवर वेग उतरवलात आणि येताजाता हात वर केलात, तर महिन्याभरात तुमच्याकडे बघणाऱ्या नजरा बदलतील, हे मी स्वतः अनुभवलंय.

आता खलाशाचा मुद्दा. खलाशी ठेवणं म्हणजे ड्रायव्हर ठेवणं, असं तुम्ही आणि वहिनी दोघांनीही धरून चाललंय. म्हणून तुमच्यापुढे दोनच वाटा उरल्या, तो चालवणार किंवा तुम्ही एकटे चालवणार. मी सुचवेन की या मोसमापुरता एक गुरू करा. होडीवाल्याकडे जाऊन आल्यावर त्याच तांडेलाकडे जा आणि सांगा, मला शिकवा. चाक माझ्या हातात राहील, तुम्ही शेजारी बसा आणि त्या दिवशीसारखं ओरडा. मोबदला आधी, मोकळेपणाने ठरवा. त्याची सकाळ तुम्ही घेताय, ती चहापाण्यावर घेऊ नका.

दिवस निवडताना पुन्हा तिथी बघा. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं, कमी उतरतं, ओढही कमी. डोलीला भरायला पाण्याची ओढ लागते, त्यामुळे भांगात डोलवाल्यांची गडबड कमी असते. तुम्हाला शिकायला सोपं पाणी आणि त्याला शिकवायला सवड, दोन्ही त्याच चार-पाच दिवसांत मिळतं. वेळ सकाळची. आत्ता थंडीत पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो, पाणी तेलासारखं असतं. दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा भरतो आणि तिसऱ्या प्रहरी धक्क्यापाशीही उसळी असते. बोट साडेदहा-अकराला बांधून झालेली असावी.

एक लक्षात ठेवा, तांडेलाला पाणी कळतं, तुमचं इंजिन कळेलच असं नाही. त्याच्या होडीला आत बसवलेलं डिझेल इंजिन आणि मागे सुकाणू. न्यूट्रलमध्येही नुसत्या वेगावर ती थोडी वळते. तुमच्या बोटीचं इंजिनच वळतं, म्हणजे पंखा फिरत असेल तरच ती नीट वळणार. म्हणून क्रम असा : आधी चाक फिरवायचं, मग गियर घालायचा. उलट केलंत की बोट आधी जुन्याच दिशेला उडी घेते. हे तंत्र शिस्तीने शिकायचं असेल तर गोव्यातली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था पॉवरबोट हाताळणीचं प्रशिक्षण देते. मी असते तर गोव्याला बोटीने जाण्याआधी यासाठी एकदा रेल्वेने गेले असते.

सराव धक्क्यावर सुरू करू नका. वीस लिटरचा रिकामा प्लास्टिकचा कॅन घ्या, दोर आणि दगड बांधून खाडीच्या रुंद, जाळी नसलेल्या भागात सोडा. पाण्याला तोंड देत त्याच्याजवळ या आणि कॅन हाताच्या अंतरावर ठेवून बोट दहा सेकंद जागच्या जागी उभी ठेवा. गियर घालायचा, दोन श्वास थांबायचं, काढायचा. ६० हॉर्सपॉवरचं इंजिन गियरमध्ये मंद ठेवलं तरी बोट माणसाच्या भरभर चालीने जाते, आणि धक्क्यापाशी तेवढी चालही जास्त आहे. सगळं कसब गियर काढून ठेवण्यात आहे. वीस वेळा करा. मग कॅन डाव्या हाताला ठेवून, मग उजव्या, मग मागे येत. कॅनला धडकलात तर कुणाची करंगळी मोडत नाही.

धक्क्यावर येताना पाणी कुठून येतंय हे ओळखायला समोर नांगरलेल्या होड्या बघा. नांगरावरच्या होड्या आपोआप पाण्याकडे नाळ (पुढचं टोक) करून राहतात, वारा जोरात असेल तर वाऱ्याकडे. त्यांची तोंडं जिकडे, तिकडेच आपलं तोंड ठेवून धक्क्याला लागायचं. त्या दिवशी त्या सगळ्या खाडीच्या आत तोंड करून असणार. तुम्ही धक्का ओलांडून खाली जायचं होतं, वळायचं होतं आणि पाण्याला तोंड देत वर यायचं होतं. दोन मिनिटं जास्त लागली असती, आणि जे पाणी तुम्हाला ढकलत होतं तेच तुम्हाला थोपवत राहिलं असतं.

शेवटचा टप्पा असा : धक्क्याशी तीसेक अंशांचा कोन करून, गियर घालत-काढत या. बोटीच्या लांबीइतकं अंतर उरलं की चाक धक्क्यापासून दूर फिरवून एक छोटा झटका पुढे, म्हणजे नाळ बाहेर वळते आणि बोट धक्क्याला समांतर होऊ लागते. मग चाक धक्क्याकडे आणि एक छोटा झटका मागे, म्हणजे बोट थांबते आणि पिछाडी आत येते. पहिला दोर बोटीच्या मधल्या खुंटीवरून धक्क्यावर, थोडा मागच्या बाजूला. तो एक बांधला गेला की बोट तुमची, बाकीचे निवांत बांधा. यातलं काहीही बिघडतंय असं वाटलं तर गियर काढा, पाणी मोकळं असेल तिकडे निघून जा आणि पुन्हा या. तिसऱ्या फेरीला लागणारी माणसं मी दर मोसमात बघते, त्यांच्या बोटींवर ओरखडे नसतात.

बोटीवरच्या प्रत्येकाला निघण्याआधीच सांगायचं : धक्का आणि बोट यांच्यामध्ये हात नाही, पाय नाही, उडी नाही. टनभर वजन हळू आलं तरी हाड त्याला अडवू शकत नाही. त्यासाठी जुने टायर बाजूला सोडलेले असावेत आणि एक मोकळा टायर दोराला बांधून कुणाच्या तरी हातात असावा, हवा तिथे मध्ये घालायला. इंजिन बंद करणारी लाल दोरी तुमच्या मनगटाला किंवा पायाला अडकवलेली हवी. लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगावर, नातवाच्या मापाचं वेगळं. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईच्या बंदरात घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जण गेले. सपाट पाणी होतं, दिवसाउजेडी. बाकाखाली ठेवलेली जॅकेटं अशा वेळी हाताला लागत नाहीत.

आता मरीनांबद्दल. परदेशी व्हिडिओंमध्ये तुम्ही जे बघता, ते तरंगते फलाट आहेत. भरती आली की फलाट बोटीसोबत वर जातो, ओहोटीला खाली येतो, म्हणून तिथे दोर आखूड आणि घट्ट बांधलेले दिसतात. आपल्याकडे कोचीला बोलगट्टी बेटावर तशी मरीना आहे. पण मरीना-मरीना करत गोव्यापर्यंत जाता येईल अशी साखळी कोकण किनाऱ्यावर नाही. इथे दगडी किंवा काँक्रीटचा धक्का आहे, पायऱ्यांवर शेवाळ आहे, मासळी उतरवणाऱ्यांची घाई आहे. मुंबईत गेटवेसमोरसुद्धा बोटी बोयाला बांधलेल्या असतात आणि छोट्या होडीने ये-जा होते.

आम्ही पहिल्या वर्षी याच चुकीची किंमत मोजली. रत्नागिरीजवळच्या एका धक्क्याला भर भरतीत बोट लावली, दोर आवळून बांधले आणि जेवायला गेलो. चार तासांनी आलो तेव्हा पाणी दीडेक मीटर उतरलेलं होतं आणि बोट दोरांवर लटकत होती. मागची खुंटी डेकमधून उपटून आली, बोट कलंडली आणि इंजिन भिंतीला घासू लागलं. धक्क्यावर मासळी निवडत बसलेल्या दोघी बाया धावत आल्या, त्यांच्यातल्या एकीने कोयत्याने पुढचा दोर कापला, म्हणून बोट वाचली. आमच्याकडे दोर कापायला साधा चाकूही नव्हता. तेव्हापासून तो नेहमी माझ्या कमरेला असतो. तुमच्याकडे उतार आमच्यापेक्षा दुप्पट आहे. दोर लांब ठेवा, पुढचा बराच पुढे आणि मागचा बराच मागे नेऊन तिरपा बांधा, आणि उधाणाच्या दिवशी बोट धक्क्यावर सोडून जाऊच नका. राहायचं असेल तर बाहेर नांगर टाका. नांगराचा दोर ओहोटीच्या खोलीवर मोजू नका. ओहोटीला तीन मीटर पाणी, त्यावर भरती चार मीटर, त्यावर नाळेची उंची एक मीटर, झाले आठ. त्याच्या पाचपट म्हणजे चाळीस मीटर दोर, टोकाला साखळी. अलिबागला कुलाब्याच्या किल्ल्यात तुम्ही ओहोटीला चालत गेला असालच. जिथे पाय टेकले होते, तिथेच सहा तासांनी डोक्यावरून पाणी असतं.

तर गोवा. या मोसमात नाही. मन मोडायचं म्हणून सांगत नाही, वाट कशी आहे ते बघा. राजपुरीची खाडी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, देवगड असे आसरे आहेत. जयगड आणि विजयदुर्ग तर फार सुरेख. पण अनेक खाड्यांच्या मुखाशी वाळूची पट्टी आहे आणि ती दर पावसाळ्यात जागा बदलते. ओहोटीचं पाणी बाहेर येत असताना समोरून वारा आणि लाट आली की तिथे लाटा उभ्या राहून फुटतात. देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी किनाऱ्यावर उभं राहून हे एकदा नुसतं बघा. अनोळखी खाडीत नेहमी चढत्या पाण्यावर, उजेडात शिरायचं. तळ लागला तरी भरती उचलते. उतरत्या पाण्यावर लागला तर पुढची भरती येईपर्यंत कलंडून बसावं लागतं. मालवणला सिंधुदुर्गाभोवती खडक पेरलेले आहेत, तिथे माहीतगाराशिवाय शिरू नये. आणि इंधन : मच्छीमार बंदरांतले पंप डिझेलचे, तुमचं इंजिन पेट्रोलचं. म्हणजे प्रत्येक मुक्कामी कॅन घेऊन रस्त्यावरचा पंप शोधायचा. टाकीचे तीन भाग करा. एक जायला, एक यायला, एक हात न लावायचा.

फेब्रुवारीपर्यंत कॅन आणि धक्का दोन्ही जमले, तर तांडेलाला सोबत घेऊन आपल्या खाडीबाहेर पडा आणि शेजारच्या खाडीपर्यंत जा. उजाडल्यावर मतलईवर निघायचं, अकराच्या आत नांगर टाकायचा, तिथेच राहायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी परत. तुमच्या भागात राजपुरीची खाडी यासाठी चांगली. तिथे गेल्यावर जंजिऱ्याला माणसं नेणाऱ्या शिडाच्या होड्या तासभर बघत बसा. त्यांच्याकडे मागे खेचणारा गियर नाही. शीड कधी उतरवतात आणि उरलेल्या वेगावर कसे येऊन लागतात, ते बघण्यासारखं आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. जुनी बोट घेतलीत, तर महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर अधिकाऱ्याकडे नोंदणी तुमच्या नावावर झाली आहे का आणि तपासणीची मुदत कधी संपते ते विचारा, विमा करा. खाडीबाहेर जाताना सागरी पोलीस ठाण्यात आणि घरी परतीची वेळ सांगून जा. तटरक्षक दलाचा आपत्कालीन क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३, दोन्ही बोटीवर रंगाने लिहून ठेवा. निघण्याआधी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज बघायचा. आणि रस्त्यावरची सवय विसरा : पाण्यात अरुंद वाटेने जाताना उजवी बाजू धरायची, समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे वळायचं. मुंबई बंदराकडे गेलात तर मोठ्या जहाजांच्या वाटेत रेंगाळू नका, त्यांना तुमच्यासाठी थांबता येत नाही.

राहता राहिल्या वहिनी. ‘ती घाबरते’ एवढंच तुम्ही लिहिलंय. त्या दिवशी बोटीवर त्यांना काय करायचं हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि तरी नातवाकडे येणारी धडक अडवायला त्यांनीच हात घातला. घाबरण्याचं कारण विचाराल तर मला एक दिसतं : तुम्ही पाण्यात पडलात तर ही बोट थांबवायची कशी, हे त्या बोटीवर दुसऱ्या कुणालाही येत नाही. करंगळी बरी झाली की त्यांना विचारा. आग्रह नको, पण विचारा. हो म्हणाल्या, तर भांगातल्या एखाद्या सकाळी तांडेलाला त्यांच्या शेजारी बसवा, चाक त्यांच्या हातात द्या आणि कॅनभोवती त्यांना वीस फेऱ्या मारू द्या. तुम्ही दोर घेऊन पुढे बसा आणि तांडेलाने विचारल्याशिवाय बोलू नका.